अजस्र म्हणजे किती?

दिवाळी अंक उघडला आणि समुद्र भेटला नाही, असे एकही वर्ष मला आठवत नाही. कवितेत तो असतोच. कथेतील नायिका आयुष्याचा निर्णय घ्यावयाला त्याच्याच काठावर जाते. जणू विहिरीच्या काठावर निर्णय घेताच येत नाहीत. ललित लेखात त्याची गाज असते. ह्या समुद्राला लाटा असतात आणि त्या अजस्र असतात, उत्तुंग असतात, रौद्र असतात. संपादकांचा हात सैल असेल तर गगनचुंबीही असतात. पन्नास वर्षे हे सारे मी भक्तिभावाने वाचले. आता मात्र मला एक उद्धट प्रश्न पडू लागला आहे, आणि तो मी ह्याच पानांवर विचारणार आहे; कारण ज्या अपराधाविषयी मला बोलावयाचे आहे त्याचे मूळ मला ह्याच पानांत दिसते. अजस्र म्हणजे किती? किती फूट, किती मीटर? कोठे मोजली, कोणी मोजली, कशाने मोजली?

प्रश्न विचारणारा इसम नेरचा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील नेर. पुष्कळांना ठाऊक असते ते नेर परसोपंत ह्या नावाने. समुद्र येथून सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि गावातील कित्येक माणसे तो न पाहताच गेली. हा लेख लिहावयास घेतला तेव्हा ओट्यावर बसलेल्या शेजाऱ्याने विचारलेच, "काहून जी मास्तर, आपल्याले काय करायचं हाय समुद्राचं?" प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की समुद्राचे मला फारसे कळत नाही, परंतु मापाचे कळते. जन्मभर शाळेत गणित शिकविले हे एक कारण; आणि मापात मार खाल्लेल्या मुलखात राहिलो, हे त्याहून मोठे कारण.

आमच्याकडे शेतकरी कापसाची गाडी बाजारात उभी करतो. घेणारा मुठीत कापूस दाबतो, नाक मुरडतो आणि म्हणतो, "माल ओला आहे." 'ओला' हे विशेषण आहे. त्या एका विशेषणापोटी क्विंटलमागे किती कडता कापावयाचा हे तोच ठरवितो. ह्या विशेषणाचा पराभव आमच्या मुलखात झाला असेल तर तो एकाच गोष्टीने झाला, आणि ती म्हणजे ओलावा मोजणारे यंत्र. सीसीआयच्या खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, बारा टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात आणि त्यापुढे माल परत, असा हिशेब असतो. तो नेहमी शेतकऱ्याच्या सोयीचाच असतो असे मी म्हणणार नाही. पण त्याच्याशी भांडता येते. आकड्याशी भांडता येते, विशेषणाशी भांडता येत नाही. विशेषण नेहमी ज्याच्या हाती काटा असतो त्याच्या बाजूचे असते.

आणि नुसता आकडा असून भागत नाही. तो कोठला आहे हेही पाहावे लागते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी, आणि तो मोजावयाचा महसूल मंडळातल्या यंत्राने. यंत्र एका शिवारात आणि ढग दुसऱ्या शिवारात, अशी गंमत आम्ही किती वेळा पाहिली आहे! मुंबईकरांना ही गोष्ट खोटी वाटत असेल तर त्यांनी आपलीच २६ जुलै २००५ ही तारीख आठवावी. त्या एका दिवसात सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरातील कुलाब्याला सुमारे ७३. कुलाब्याच्या आकड्यावर कोणी कुर्ल्याची भरपाई ठरविली असती तर काय झाले असते, ह्याची कल्पना नेरच्या माणसाला चटकन करता येते.

आता समुद्राकडे वळतो. पावसाळा तोंडावर आला की मुंबईची महानगरपालिका एक यादी प्रसिद्ध करते. अमुक तारखेला, अमुक वाजता, समुद्राला साडेचार मीटरांहून मोठी भरती येणार. २०२४ सालच्या यादीत असे २२ दिवस होते आणि सर्वांत मोठा आकडा २० सप्टेंबरचा, ४.८४ मीटर. यादी उपयुक्त आहे आणि ती काढणाऱ्यांशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते ती छापणाऱ्यांशी. आमची वृत्तपत्रे आणि वाहिन्या ह्या यादीवर मथळा देतात तो असा, की समुद्रात पावणेपाच मीटर उंचीच्या लाटा उसळणार! मग नेरच्या चहाच्या टपरीवरही लोक हात डोक्याच्या वर नेऊन एकमेकांना पावणेपाच मीटर दाखवितात.

वाचकहो, जरा विचार करा. ही यादी पावसाळ्यापूर्वी निघते. सप्टेंबरातील एका दिवशी लाट किती उंच असेल हे मे महिन्यात सेंटिमीटरपर्यंत सांगता येत असेल, तर हवामान खात्याने आपली दारे बंद करावी हे बरे. उद्याच्या वाऱ्याची खात्री नाही आणि चार महिन्यांनंतरच्या लाटेची आहे? ज्या गोष्टीचे पंचांग करता येते ती सूर्यचंद्राची गोष्ट असते, वाऱ्याची नव्हे. तो आकडा भरतीचा आहे. भरती म्हणजे साऱ्या समुद्राची पातळी सावकाश वर येणे. लाट म्हणजे त्या पातळीवर वाऱ्याने उठविलेली आणि दूरवरून चालत आलेली घडी. ४.८४ मीटरांच्या भरतीला समुद्र ताटातल्या पाण्यासारखा शांत असू शकतो. शिवाय हे ४.८४ मीटर रस्त्यापासून मोजलेले नसतात, नेहमीच्या समुद्रपातळीपासूनही नसतात. ओहोटीच्या तळाला जवळ अशी एक शून्यरेषा नकाशावाल्यांनी धरलेली असते, तेथपासून ते मोजतात. आणि मुंबईची सरासरी समुद्रपातळीच त्या रेषेच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ज्या पावणेपाच मीटरांनी नेरच्या टपरीवर हात वर जातात, त्यांतील अर्ध्याहून अधिक मीटर रोजचेच असतात.

ह्यातील सर्वांत बोचरी गोष्ट पुढेच आहे. २६ जुलै २००५ ची दुपारची भरती ४.४८ मीटर होती. साडेचारच्या यादीत तो दिवस बसलाच नसता.

भरती मोजावयाला आपल्याला कोणी शिकवावयाला नको. मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीची नोंद १८७८ पासूनची आहे आणि साऱ्या आशियात इतकी जुनी नोंद विरळा. प्रश्न लाटेचा आहे, आणि तोही खोल समुद्रातल्या लाटेचा नव्हे. खोल पाण्यात लाट मोजणारे तरंगते बोये आहेत. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हैदराबादचे महासागर माहिती केंद्र ह्यांनी ते सोडले, रत्नागिरीसमोरही सोडले. त्या बोयांवरून आणि गणितावरून मच्छीमारांना इशारे मिळतात, आणि त्या इशाऱ्यांनी जीव वाचतात. पण त्या इशाऱ्यातली 'लाटेची उंची' हीदेखील एक प्रकारची सरासरी असते. येणाऱ्या सगळ्या लाटांतल्या वरच्या एकतृतीयांश लाटा घेऊन त्यांची सरासरी काढतात. इशाऱ्यात तीन मीटर लिहिले असेल तर एखादी लाट पाच-साडेपाच मीटरांचीही येऊ शकते, हे वाचणाऱ्याला कोणी सांगत नाही. असो. मुख्य मुद्दा असा की बोया उभा असतो खोल पाण्यात, आणि घर पडते ते किनाऱ्यावर. यंत्र एका शिवारात, ढग दुसऱ्या शिवारात!

मधल्या पट्ट्यात काय होते? तेथे लाट फुटते. तळ उथळ होत जातो तशी लाट मंदावते, आखडते, उंच होते, आणि पाण्याच्या खोलीच्या साधारण तीन-चतुर्थांशाहून थोडी अधिक उंच झाली की तिचा तोल जातो. हा अंदाज १८९४ सालापासून पुस्तकात आहे. परंतु तो अंदाजच. तळाचा उतार किती, लाट किती लांब, त्याप्रमाणे तो कमीअधिक होतो. ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल की भरतीला मी वर हिणविले ते निष्कारण नव्हे, आणि भरती क्षुल्लक आहे असेही माझे म्हणणे नाही. भरती आली की बंधाऱ्यापाशी पाणी खोल होते आणि तितकी मोठी लाट न फुटता भिंतीपर्यंत पोचते. बंधाऱ्याच्या पायथ्याची मीटरभर वाळू वाहून गेली तरी तेच होते. म्हणजे ज्या जागी लाटेची खरी उंची कळावयाला हवी ती जागा प्रत्येक पावसाळ्यात बदलणारी, आणि नेमकी तीच जागा मोजावयाला सर्वांत अवघड. फुटत्या लाटेत बोया टिकत नाही. खांब रोवावा तर खांब वाकतो. तळाशी दाबमापक ठेवतात; पाण्याच्या दाबावरून वरची लाट गणिताने उभी करतात. परंतु फुटावयाला आलेल्या लाटेचे टोक अणकुचीदार असते, आणि साध्या गणितात ते टोक छाटले जाते. तेथेही कडता!

ह्या अडचणीतून जी वाट निघाली तिच्यासाठी हा सारा प्रपंच. यंत्र पाण्यात ठेवावयाचेच नाही. ते धक्क्यावर किंवा उंच टेकाडावर ठेवावयाचे आणि तेथून लेझरचा किरण पाण्यावर फिरवावयाचा. लेझरचा जन्म १९६० चा. किरण पाण्याला लागून परततो; जाण्यायेण्याला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळते. तीस मीटरांवरच्या पाण्याला जाऊन यावयाला किरणाला सेकंदाचा सुमारे पन्नास लाखावा भाग पुरतो, आणि एवढासा काळ मोजणारी यंत्रे आज कारखान्यात आणि गोदामात नित्याच्या कामाला लावलेली आहेत. यंत्रातला आरसा फिरतो, किरण पंख्यासारखा पसरतो, आणि सेकंदाला पंचवीस-पंचवीस वेळा लाटेची कड पायापासून टोकापर्यंत रेखली जाते. पुढे येताना ती कशी वाकली, कोठे फुटली, फुटल्यावर किती उरली, वाळूवर कोठवर चढली, हे सगळे एका बैठकीत कळते. इंग्लंडात सॉल्टबर्न येथे १८६९ सालचा एक जुना धक्का समुद्रात शिरलेला आहे. बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली त्या धक्क्यावर अशी तीन यंत्रे ओळीने लावून फुटत्या लाटा मोजल्या. अमेरिकेत उत्तर कॅरोलायना राज्यात डक नावाचे गाव आहे (गावाचे नावच बदक, पाण्याशी संबंध असणारच). तेथे सैन्याच्या अभियंत्यांचे किनारा-संशोधन केंद्र १९७७ पासून चालू आहे. त्यांनी वाळूच्या टेकाडावर लेझर बसवून लाटा आणि वाळू दोन्हींवर डोळा ठेवला.

ह्या यंत्राची एक खोड सांगतो, कारण ती मला फार आवडली. निवळ, संथ पाणी त्याला दिसत नाही. तिरपा किरण आरशासारख्या पाण्यावरून घसरून पलीकडे जातो, परत येतच नाही. जेथे फेस आहे, बुडबुडे आहेत, गढूळपणा आहे, तेथूनच किरण विखुरतो आणि यंत्राकडे परततो. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ हौदात तर पाण्यात मुद्दाम बारीक पांढरी माती कालवावी लागते. म्हणजे आपल्या कवींना समुद्र ज्या पौर्णिमेच्या रात्री सर्वांत अधिक दिसतो, त्या रात्री यंत्र आंधळे. आणि आषाढातल्या गढूळ, फेसाळ कोकणी समुद्रापुढे त्याचे डोळे उघडतात. मुसळधार पाऊस आणि उडते तुषार त्याला त्रास देतात, आणि त्याचा पल्लाही काही मीटरांच्या दशकांचा; हे दोष मी लपवीत नाही. पण ज्या ऋतूत घरे पडतात त्या ऋतूचे हे यंत्र आहे.

"लाट दोन मीटरांची की अडीच मीटरांची, ह्याने असा काय फरक पडतो?" असे कोणी विचारील. शाळामास्तराला हवा असलेला प्रश्न हाच. किनाऱ्यावर दगडांचा बंधारा घालावयाचा तर बाहेरचा एकेक दगड किती वजनाचा हवा, ह्याचे एक सूत्र आहे. स्पेनच्या इरिबारेन ह्यांनी १९३८ साली त्याची वाट दाखविली आणि अमेरिकेच्या हडसन ह्यांनी १९५९ साली त्याला आजचे रूप दिले. त्यात दगडाचे वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वर्गाच्याही नव्हे, घनाच्या. लाट दहा टक्के अधिक निघाली तर दगड एकतृतीयांशाने जड हवा. लाट सव्वापट निघाली, म्हणजे दोनाच्या जागी अडीच मीटरांची निघाली, तर एक टनाचा दगड पुरत नाही. जवळजवळ दोन टनांचा लागतो. दुप्पट लाटेला आठपट दगड. ज्याने सातवीत घन शिकताना डुलकी काढली त्यानेही हे एकदा कागदावर मांडून पाहावे. लाटेच्या मापातली वीतभर चूक बंधाऱ्याच्या पायात येते तेव्हा ती वीतभर राहिलेली नसते.

आणि आता ज्यासाठी लेखणी उचलली ती गोष्ट. आमची धाकटी मुलगी रत्नागिरीकडे दिली आहे. गावाचे नाव मी लिहीत नाही, कार्यालयाचेही नाही. व्याह्यांच्या परसात समुद्राच्या बाजूला सात माड होते. आज दोन आहेत. विहीर मचूळ झाली, पिण्याचे पाणी आता नळाचे. परसाच्या पुढे दगडांचा बंधारा झाला तेव्हा गावाने नारळ फोडला होता. दोन पावसाळे तो उभा राहिला. तिसऱ्या पावसाळ्यानंतर मी गेलो, तर मधले वीस-पंचवीस पावले दगड खाली वाळूवर विखुरलेले आणि भगदाडातून समुद्र थेट पडवीकडे पाहत असलेला. व्याही मला म्हणाले, "गुरुजी, दगड पोरांनी लगोरीचे टाकावे तसे टाकले हो त्याने." 'त्याने' म्हणजे समुद्राने. मी पडलेल्या दगडांतले दोन-चार मोजले. लांबी, रुंदी, जाडी. बाकी हिशेब घरी येऊन केला. पाऊण टनाच्या वर एकही नव्हता.

मग आम्ही दोघे व्याही त्या कार्यालयात गेलो. वागणूक सभ्य होती, चहाही मिळाला. मी विचारले, "हा बंधारा किती उंचीच्या लाटेसाठी बांधला होता?" साहेबांनी फाइल मागविली, चाळली, बाजूला ठेवली आणि सांगितले, "त्या वर्षी लाटाच अजस्र होत्या, गुरुजी. निसर्गापुढे कोणाचे चालते?"

मी तेथे गप्प बसलो, कारण तो शब्द माझ्या ओळखीचा होता. दिवाळी अंकातला होता. आम्ही साहित्यिकांनी आणि आम्हां वाचकांनी पिढ्यान्‌पिढ्या लाडाने वाढविलेला तो शब्द एका सरकारी टेबलावर बसून चहा पीत होता आणि पडलेल्या बंधाऱ्याचा वकील झाला होता. अडीच मीटर म्हटले असते तर पुढचा प्रश्न आला असता की मग दगड एवढा हलका का? चार मीटर म्हटले असते तर विचारले असते, कोणी मोजली? 'अजस्र' म्हटले की पुढचा प्रश्नच संपतो. बंधाऱ्याची पुढे दुरुस्ती झाली, आणि ती त्याच पडलेल्या दगडांनी झाली.

देशाच्या किनाऱ्याचा सुमारे एकतृतीयांश भाग धुपतो आहे, असे चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने उपग्रहांची १९९० नंतरची चित्रे जुळवून सांगितले आहे. तेव्हा हे एका परसाचे रडगाणे नव्हे. गावोगाव धूपप्रतिबंधक बंधारे होत आहेत, होणार आहेत, आणि त्यांचे पैसे जसे कोकणातून जातात तसे आमच्या कापसातूनही जातात. येथे कोणी असे समजू नये की मला आपल्या शास्त्रज्ञांची किंमत नाही. पुण्याजवळ खडकवासल्याला जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. त्याची स्थापना १९१६ ची. तेथे हौदांत लाटा उठवून बंदरांच्या आणि बंधाऱ्यांच्या लहान प्रतिकृती तपासतात. ते काम मोठे आहे. परंतु हौदात उठवावयाची लाट किती उंच ठेवावी हे शेवटी बाहेरच्या समुद्राला विचारूनच ठरवावे लागते; आणि बंधारा उभा राहिल्यावर त्याच्या पायथ्याशी प्रत्यक्ष किती लाट येते हे पावसाळ्यापावसाळ्याला पाहिले नाही तर हौदातले शहाणपण हौदातच राहते.

खर्चाची सबब तर मी ऐकूनच घेणार नाही. २००८ साली आपले पहिले चांद्रयान चंद्राभोवती शंभर किलोमीटरांवरून फिरले, तेव्हा आपल्याच लोकांनी बनविलेल्या लेझरच्या यंत्राने चंद्राचे डोंगर आणि खड्डे मोजले. अभिमानाची गोष्ट आहे, मी शाळेत पेढे वाटले होते. ज्यांनी शंभर किलोमीटरांवरून चंद्राचा खळगा मोजला त्यांच्या देशात चाळीस मीटरांवरून कोकणची लाट मोजण्याची गोष्ट काढली की लगेच 'निधीची तरतूद' हा शब्द कसा आठवतो? एका बंधाऱ्याला जे कोट्यवधी रुपये लागतात त्यांपुढे असले यंत्र म्हणजे लग्नाच्या खर्चातला अक्षतांचा खर्च.

दुसरा आक्षेप आमच्या साहित्यिक मित्रांचा, आणि तो येणारच. "अहो, लाटेला फूटपट्टी लावली की उरले काय? काव्य मेले!" चंद्राचेच उदाहरण घ्या. १९६९ साली माणसाने चंद्रावर आरसे ठेवले. तेव्हापासून पृथ्वीवरून लेझर सोडून त्याचे अंतर मोजतात आणि ते आज सेंटिमीटराहूनही बारीक कळते. त्या सालापासून मराठीत चंद्रावरची कविता कमी झाली काय? संपादकांना विचारा, ते उसासा टाकतील. मोजल्याने काव्य मरत नाही. ज्याने कधी नीट पाहिलेच नाही त्याचे काव्य जन्मतःच मेलेले असते, आणि त्याला 'अजस्र'चे चार खांदेकरी लागतात. केरळच्या कोळ्यांचे पाहा. वारा नाही, वादळ नाही, आणि तरी दूरच्या दक्षिण महासागरातून आलेल्या लाटा अचानक किनाऱ्यात शिरतात, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आणि त्याला नाव दिले कल्लक्कडल. चोरासारखा येणारा समुद्र. आज तो शब्द जगातील शास्त्रज्ञ वापरतात. पाहणाऱ्याच्या तोंडून निघालेला शब्द असा असतो; तो विशेषण नसतो, ती नोंद असते. आपले कोळी आणि खारवी हेही पाहतात. 'उधाण' हा त्यांचा शब्द काय कमी नेमका आहे? परंतु आपल्या छापील मराठीने त्याचीही 'अजस्र'शी सोयरीक जुळवून त्याला निरुपयोगी करून ठेवले.

तिसरा आक्षेप थोडा खोल आहे. मोजून तरी काय होते? मोजपट्टी बदलली की आकडाही बदलतो! हे खरे आहे. परवापरवापर्यंत भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर म्हणून मी मुलांकडून पाठ करून घेत होतो. अधिक बारीक नकाशावर पुन्हा मोजला तेव्हा तो ११,०९८ किलोमीटर भरला. किनारा लांबला नव्हता, मोज बारीक झाली होती. पण म्हणून जुना आकडा आणि 'अफाट' हा शब्द एकाच तोलाचे ठरत नाहीत. पहिला चुकला हे कळले, कारण तो आकडा होता.

माझे मागणे लहान आहे. बंधाऱ्याच्या कामावर जो फलक लागतो त्यावर कामाचे नाव, लांबी, रक्कम, ठेकेदार, मुदत आणि उद्घाटकाचे नाव असते. त्यात दोन ओळी वाढवा. हा बंधारा किती उंचीच्या लाटेसाठी बांधला, आणि त्याच्या पायथ्याशी गेल्या पावसाळ्यात मोठ्यात मोठी किती लाट मोजली गेली. दुसरी ओळ दरवर्षी पुसून नवी लिहावयाची. त्यासाठी कोकणच्या साऱ्या किनाऱ्यावर यंत्रे उभी करा असे मी म्हणत नाही. जेथे धक्के आहेत, दीपगृहे आहेत, अशा चार-सहा जागा धरून आरंभ करा. यंत्र येईपर्यंत रंगाचा डबा आणि फूटपट्टी चालेल. माझ्या नातवाने बंधाऱ्याच्या शाबूत टोकावर फुटाफुटावर पांढऱ्या खुणा करून ठेवल्या आहेत. श्रावणातल्या अमावास्येला त्याने फोन केला, "आजोबा, सातवी खूण दिसली, आठवी फेसात गेली." एवढेही त्या फाइलीत नव्हते.

हेच दोन ओळींचे मागणे मी गेल्या वर्षी त्या कार्यालयाला रीतसर लिहून पाठविले. उत्तर यावयाला सात महिने लागले. पाकिटावर धुळे जिल्ह्यातील नेरच्या टपाल कचेरीचा शिक्का होता. आधी ते तिकडे फिरून आले होते. आत लिहिले होते की आपल्या पत्रातील बाब नोंद घेऊन योग्य त्या विभागाकडे पाठविण्यात आली आहे. कोणत्या विभागाकडे, ती जागा टंकलेखकाने कोरी सोडली होती. मी ती पेन्सिलीने भरून पत्र परत पाठविले आहे.